पोट का सुटतं, ते किराण्याच्या यादीत दिसतं

तुमच्या घरात महिन्याला डाळ किती येते? हा प्रश्न मी ओळखीच्या पुरुषांना हमखास विचारते आणि बहुतेकांना उत्तर येत नाही. गाडीचं मायलेज तोंडपाठ असतं, पण आपल्याच घरात तेलाचा डबा कितव्या दिवशी संपतो हे माहीत नसतं. म्हणून चाळीशीच्या आसपासच्या पुरुषानं आहाराची सुरुवात वाण्याच्या यादीपासून करावी असं मला वाटतं. महागड्या तपासण्यांच्या आधी ती यादीच बरंच काही सांगते.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था आहे. तिनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या नव्या सूचना प्रसिद्ध केल्या. बैठं काम करणाऱ्या, दिवसाला साधारण २००० कॅलरी लागणाऱ्या माणसानं रोज काय खावं, याचा हिशोब त्यात कच्च्या मालाच्या वजनात दिला आहे. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ-बदाम वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम.

आता हे चार माणसांच्या घराला महिन्याच्या हिशोबात लावून बघा. धान्य ३० किलो. तेल-तूप जेमतेम साडेतीन लिटर. आणि डाळी-कडधान्यं? दहा किलोंच्या वर.

इथेच खरी गोम आहे. दहा किलो डाळ-कडधान्य भरणारं चौकोनी कुटुंब शोधून सापडायचं नाही. तूरडाळ दीड-दोन किलो, मूगडाळ एक, मटकी-हरभरे अर्धा-अर्धा किलो, बेसन एखादा किलो. साडेचार-पाच किलोंत यादी आटोपते. मांसाहारी घरात अंडी, मासे, चिकन यांनी डाळीचा काही वाटा भरून निघतो हे खरं. पण आपल्याकडचं ‘मांसाहारी’ घरसुद्धा आठवड्यातले चार-पाच दिवस शाकाहारीच असतं. धान्याचं मात्र उलट आहे. गहू-तांदळाचे ३० किलो भरतातच, शिवाय पोहे, रवा, साबुदाणा, शेवया, ब्रेड, बिस्किटं, मैद्याची खारी यांची गणती आपण धान्यात करत नाही. पोटात गेल्यावर त्यांचं धान्यच होतं.

म्हणजे आपल्या ताटात एकूण अन्न कमी नाही. धान्याचा वाटा मोठा, डाळीचा लहान आणि तेलाचा न मोजलेला, अशी मांडणी बिघडली आहे.

आजोबा सहा भाकऱ्या खायचे ना?

खायचे. आणि त्यांना त्या लागायच्या. त्याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ किलो वजनाचा प्रौढ पुरुष नमुना म्हणून धरला आहे. बैठ्या कामाला त्याला २११० कॅलरी लागतात, मध्यम कष्टाला २७१० आणि जड अंगमेहनतीला ३४७०. औत धरणाऱ्या किंवा मोट हाकणाऱ्या माणसात आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसात १३०० कॅलरींहून जास्त फरक आहे. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण २०० कॅलरींची धरली, तर तो फरक सहा-सात भाकऱ्यांचा होतो. काम बदललं, बस-लोकल-बाईक आली, पण ताट वाढण्याची पद्धत तीच राहिली. घरच्या पुरुषाला आग्रहानं वाढायचं आणि त्यानं ‘नको’ म्हटलं तर ‘तब्येत बरी नाही का’ असं विचारायचं, हे आपल्याकडे अजून चालू आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या पुण्यातूनच जगाला कळली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेह-संशोधकांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानानं वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही सारखाच होता, २२.३. दिसायला दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय बारीक, स्नायू कमी, चरबी जास्त आणि तीही पोटाशी, अशी आपल्या लोकांची सर्वसाधारण ठेवण आहे. पुण्याजवळच्या गावांत झालेल्या अभ्यासात ती जन्मापासूनच दिसली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलो. आपली बाळं स्नायूंत आणि इतर अवयवांत बरीच कमी होती, चरबीत मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती.

म्हणून ‘माझं वजन तर सत्तरच्या आतच आहे’ यावर विसंबू नका. युरोपीय माणसाला २५ पर्यंतचा बीएमआय चालतो, आपल्याकडे २३ च्या पुढे सावध व्हायचं असतं. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाला ही रेषा साधारण साडेसहासष्ट किलोंवर येते. वजनापेक्षाही कमरेची टेप जास्त खरं बोलते. भारतीय पुरुषासाठी मर्यादा ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच. आता कुणीही पटकन म्हणेल, ‘माझी पँट तर चौतिसाचीच आहे.’ पँट आपण पोटाच्या खाली घालतो. पोट पुढे आलं की पट्टा आणखी खाली सरकतो आणि पँटचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. टेप लावायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, शर्ट वर करून, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

पोटातली ही चरबी नुसती कातडीखाली नसते. ती यकृताभोवती आणि यकृतात साठते, इन्सुलिनचं काम अवघड करते, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढवते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं ते हेच. दारूला कधीही न शिवलेल्या माणसालाही ते होतं.

चोपन्न ग्रॅमचा हिशोब

प्रथिनांची गरज दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोंच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम. ज्यांचा आहार मुख्यतः धान्यावर चालतो, त्यांनी किलोमागे एक ग्रॅम धरावा असंही त्या शिफारशींत आहे, कारण धान्यातली प्रथिनं थोडी उणी असतात. आपल्यापैकी बहुतेक जण याच गटात येतात. सत्तर किलोंच्या माणसानं सत्तर ग्रॅमचं लक्ष्य ठेवावं हे बरं.

एखाद्या नोकरदार माणसाचा नेहमीचा दिवस घ्या. सकाळी बशीभर कांदेपोहे: पोह्यांतून चार आणि शेंगदाण्यांतून दोन, अशी सहा ग्रॅम प्रथिनं. डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी: चौदा. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव: सहाच्या आसपास. रात्री दोन पोळ्या, भात आणि वाटीभर पातळ वरण: चौदा. दिवसभराच्या चहातलं दूध: तीन. बेरीज त्रेचाळीस. पोट चार वेळा गच्च भरलं, बटाटा पोळीबरोबरही आला आणि पावातूनही आला, तरी प्रथिनं कमीच पडली.

वरणाबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. ‘आम्ही रोज वरण खातो’ म्हणजे प्रथिनं मिळाली असं धरलं जातं. कोरड्या तूरडाळीत शंभराला बावीस ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण वाटीभर पातळ वरणात डाळ जाते वीस ग्रॅम. उरलेलं पाणी असतं. प्रथिनं मिळतात चार-साडेचार ग्रॅम. तीच वाटी घट्ट आमटीची किंवा मटकीच्या उसळीची असली तर सात-आठ ग्रॅमपर्यंत जाते. पिठलं तर मला फार कमी लेखलेला पदार्थ वाटतो. माणशी चाळीस ग्रॅम बेसन धरलं तर आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं, तेही दहा मिनिटांत आणि कुठल्याही पावडरीपेक्षा स्वस्तात. अट एकच, पिठल्याला तेलाचा तवंग नको.

डाळ आणि धान्य एकत्र खाण्यामागे चांगलं कारण आहे. धान्यात लायसीन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनीन कमी असतं, ते धान्यातून येतं. वरण-भात, पिठलं-भाकरी, भाजणीचं थालीपीठ या जोड्या म्हणूनच उत्तम आहेत. बिघडलंय ते प्रमाण. भाताच्या डोंगरावर वरणाची धार सोडून भागत नाही. भात निम्मा करा, वरणाची घट्ट वाटी करून दोनदा घ्या, बाजूला काकडी किंवा मुळ्याची कोशिंबीर असू द्या. यात घरात वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, आणि बायकोला किंवा आईला ‘माझं डाएटचं काहीतरी कर’ असं सांगायची वेळही येत नाही.

सकाळचं खाणं मात्र खरंच बदलावं. पोहे, उपमा, शिरा, साबुदाण्याची खिचडी हे सगळे पिष्टमय प्रकार आहेत. यातला साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवासाला खिचडीऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, बरोबर दही, एवढं केलं तरी फरक पडतो. एरवी मुगाचं घावन, मोड आलेल्या मटकीची उसळ, दोन अंडी, नाहीतर पोह्यांतच वाटीभर मटार आणि दुप्पट शेंगदाणे. एका अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात. कोकण-गोव्याकडच्यांना बांगडा आणि तारली मुबलक मिळते. शंभर ग्रॅम माशात प्रथिनं अठरा-वीस ग्रॅम, शिवाय हृदयाला चांगली असलेली ओमेगा-३ चरबीही त्यातच. सुरमई-पापलेटला जास्त भाव मोजून ती याहून जास्त मिळत नाही. फक्त रव्यात घोळवून तेलात बुडवण्यापेक्षा आंबट-तिखट कालवण केलेलं चांगलं.

जिमवाल्या पावडरीबद्दल तरुण मुलं विचारतात. व्हे हे दुधाचंच प्रथिन आहे, विष नाही. पण जेवण तसंच ठेवून वर पावडर ओतण्यात अर्थ नाही. तिचं काम फुटाणे, दही, उसळ आणि अंडी करतात. पावडर घ्यायचीच असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक आणि पाकिटावरची घटकांची यादी बघून घ्या, कुणीतरी डब्यातून काढून दिलेली नको. सोयाबीननं पुरुषत्वावर परिणाम होतो ही भीतीही सोडून द्या. नेहमीच्या प्रमाणात सोया खाल्ल्यानं पुरुषांतलं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सुटलेल्या पोटामुळे मात्र ते कमी होतं, आणि याची चर्चा कट्ट्यावर कुणी करत नाही.

नुसत्या प्रथिनांनी स्नायू वाढत नाहीत हेही सांगायला हवं. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा काही टक्के ऱ्हास होत जातो आणि साठीनंतर तो वेग घेतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवायचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे हेच स्नायू. कोठार लहान झालं की साखर रक्तातच राहते. चालणं चांगलंच, पण स्नायूंवर जोर पडेल असं काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा हवंच. आपल्या तालमींतले जोर आणि बैठका यासाठी पुरेशा आहेत, आणि त्यांना फी नाही.

तेल, मीठ, साखर: डबे बघा

पुन्हा यादीकडे. चार माणसांत महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा संपत असेल, तर माणशी रोज अडतीस ग्रॅम तेल झालं. हवं होतं सत्तावीस, आणि त्यातच तूप-लोणीही धरलेलं. बाहेरचे वडे, फरसाण, हॉटेलची भाजी यात आलेलीच नाही. एका मोठ्या चमच्याची, म्हणजे पंधरा मिली तेलाची, किंमत सव्वाशे कॅलरी.

मिठाची मर्यादा माणशी रोज पाच ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला सहाशे. किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर दीडपटीच्या वर गेलात, पापड-लोणचं-वेफर वेगळेच. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी जेवताना ताटात वाढलेलं मीठ आधी बंद करावं. साखर माणशी पंचवीस ग्रॅमच्या आत असलेली बरी, म्हणजे घराला तीन किलो. दिवसातून चार चहा आणि दर चहाला दोन चमचे साखर घेणाऱ्या माणसाचा वाटा एकट्या चहातच संपून वर जातो. गुळाचा चहा केला म्हणजे सुटका झाली असंही नाही, गूळ हीसुद्धा साखरच.

‘बसण्या’बद्दल न बोलता पुरुषांच्या आहाराचा लेख पुरा होत नाही. एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये सात कॅलरी असतात, जवळजवळ चरबीइतक्या. साठ मिलीच्या एका पेगमध्ये एकशेचाळीस, क्वार्टरमध्ये सव्वाचारशे. शरीर अल्कोहोल आधी जाळतं आणि त्या वेळी चरबी जाळायचं काम मागे ठेवतं. नेमक्या त्याच वेळी समोर चकणा असतो, आणि शंभर ग्रॅम फरसाण म्हणजे साडेपाचशे कॅलरी. त्यानंतर रात्री अकराला जेवण. आठवड्यातून दोनदा असं झालं तर सकाळच्या चालण्यानं ते भरून निघत नाही. प्रमाणात घेतली तर दारू हृदयाला चांगली असते, हे कारण आता कुणी देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

डाळ सोडण्याआधी

यूरिक ॲसिड वाढलं की पुरुष पहिल्यांदा डाळ सोडतात. अंगठा सुजला, ठणकायला लागला, शेजाऱ्यानं सांगितलं आणि तूरडाळ बंद. गाऊट, म्हणजे यूरिक ॲसिडमुळे सांधा सुजणं, हा खरोखरच पुरुषांना जास्त होणारा आजार आहे, पण त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टी म्हणजे बियर, कलेजी-भेजा-खिमा, भरपूर लाल मांस, साखर घातलेली शीतपेयं, कमी पाणी आणि वाढलेलं वजन. डाळी-कडधान्यांनी गाऊटचा धोका वाढतो असं मोठ्या अभ्यासांत आढळलेलं नाही. बियर चालू ठेवून वरण सोडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. रक्ततपासणीत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनीन वाढलेलं असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांनीच ठरवायचं, हा लेख वाचून नाही.

शाकाहारी माणसानं बी-१२ जीवनसत्त्वाकडे लक्ष ठेवावं. कुठल्याही डाळीत, भाजीत किंवा फळात ते मिळत नाही. दूध-दह्यातून थोडं येतं, पण कपभर चहातल्या दुधावर भागत नाही. तळपायांना मुंग्या, विसराळूपणा, सततचा थकवा ही लक्षणं वयावर ढकलली जातात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत ही कमतरता जास्त दिसते. रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टर सांगतील तशी गोळी घ्यावी. उगाच इंजेक्शनांचा कोर्स लावून घेऊ नये.

लोहाचं पुरुषांच्या बाबतीत उलट आहे. मासिक पाळीत स्त्रियांचं रक्त जातं, म्हणून त्यांना रोज २९ मिलीग्रॅम लोह लागतं. पुरुषाला १९ पुरतं. त्यामुळे ‘अशक्तपणा वाटतो’ म्हणून पुरुषानं आपल्या मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. आणि हिमोग्लोबिन १३ च्या खाली आलं असेल, तर नुसतं ‘खाण्यात कमी पडतंय’ असं म्हणून सोडूनही देऊ नये. प्रौढ पुरुषाचं रक्त कमी होतं तेव्हा ते बऱ्याचदा कुठून तरी जात असतं: मूळव्याध, अंगदुखीच्या गोळ्यांनी जठरात झालेला अल्सर, आणि पन्नाशीनंतर कधी कधी मोठ्या आतड्यातली गाठ. शौचाला काळी होत असेल किंवा रक्त पडत असेल तर ते संकोचानं लपवलं जातं, आणि घरात बीट, खजूर, गुळाचे लाडू सुरू होतात. लाडू खायला हरकत नाही, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि रक्त कुठून जातंय ते शोधून काढा.